तपासणीच्या नकाशावरची कोरी गावं

खानापूरची ताई:
कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यात गावनिहाय एचआयव्ही तपासणीचा नकाशा करतेय. गरोदर बायकांची तपासणी नावनोंदणीतच होते, म्हणून गावं रंगलेली दिसतात. पण वहीत पुरुषांचा रकाना काढला की पानंच्या पानं कोरी. गडी गोव्याला, पुण्याला. गणपतीला चार दिवस येणार, त्यातले दोन आरतीत जाणार. यांना मोजायचं कसं?

निपाणीकर:
ताई, कोरं पान म्हणजे तपासणी झालीच नाही असं धरू नका हं. आमच्याकडची माणसं मुद्दाम कोल्हापूर गाठतात. गावच्या दवाखान्यात रक्त घेणारा पावणाच निघतो की वो! मग नोंद पडते महाराष्ट्रात. म्हणून 'तपासणी कुठं केली' हे विचारा, निकाल विचारू नका.

प्रयोगशाळेतला:
बोटातल्या थेंबाची चाचणी म्हणजे नुसती चाळणी. ती रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे संसर्गाची शंका दाखवली, तर आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात) आणखी चाचण्या झाल्यावरच निदान. 'चाळणी झाली' आणि 'पुढं पोचला' हे दोन रंग वेगळे ठेवा. खरी गळती मधल्या एसटीच्या प्रवासात होते, एक दिवसाची मजुरी बुडते ना. आणि बाधितांचे ठिपके गावावर अजिबात नकोत. तीस घरांच्या वाडीत एक ठिपका म्हणजे नावच छापल्यासारखं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं गोपनीयता बंधनकारक आहे.

खानापूरची ताई:
बाधितांचे ठिपके मी टाकले होते. आत्ताच पुसले. गणपतीत बसस्टँडवर १०९७ या एचआयव्ही-एड्स हेल्पलाइनची पाटी लावून बसते, मराठी आणि कन्नड दोन्हीत. मंडपाजवळ कोण येणार नाही.