बाबांना ओट्स घशाखाली उतरत नाहीत, घरी काय करता येईल?

सायली_सांगली
नमस्कार मंडळी. बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, वय ६८, डॉक्टरांनी गोळी दिलीय आणि सकाळी ओट्स चालू करा म्हणालेत. आता ज्या माणसाने आयुष्यभर सकाळी पोहे, सांजा नाहीतर गरमागरम उकड खाल्लीय त्याच्यापुढे आई रोज दुधात शिजवलेला तो पांढरा लगदा ठेवते आणि बाबा चमचा उलटा धरून दाखवतात, बघ पडतंय का, पोस्टर चिकटवायला खळ म्हणून वापरा म्हणे. मध घालून झाला, बेदाणे-बदाम झाले, केळं झालं, पण मुळात तो बुळबुळीतपणाच नको आहे त्यांना आणि सकाळी सकाळी गोड तर अजिबातच नको. मसाल्याची तयार पाकिटं आवडली होती पण मागे मीठ किती ते वाचून आईनेच बंद केली, बीपी पण आहे ना. काहीतरी तिखटमिठाचं सुचवा प्लीज, फार वेळखाऊ नको, आईचे गुडघे दुखतात, जास्त वेळ उभं राहवत नाही तिला.

कढीपत्ता
आधी सांगा ओट्स कुठले आणता? पाकिटावर इन्स्टंट लिहिलं असेल तर तिथेच गडबड आहे. ते पातळ लाटून बारीक तुकडे केलेले असतात, पाणी लागलं की विरघळल्यासारखे होतात, त्याचं काहीही केलं तरी लगदाच होणार. रोल्ड ओट्स आणा, पाकळी जाड आणि अख्खी दिसते.

मग कढईत कोरडेच मंद आचेवर भाजायचे, रवा भाजतो तसे, खमंग वास सुटेपर्यंत. रंग फार बदलायची वाट बघू नका, कडवट होतात. आमच्याकडे रविवारी अख्खं पाकीट भाजून डब्यात भरून ठेवतो म्हणजे रोजची कटकट नाही. सकाळी नेहमीची फोडणी, कांदा, मटार, गाजर काय असेल ते, त्यात एक वाटी भाजलेले ओट्स परतायचे आणि मग पाऊण वाटी गरम पाणी, त्याहून जास्त नाही. झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ. आणि नंतर ढवळत बसायचं नाही!! लोक उपम्यासारखं घोटतात आणि मग म्हणतात चिकट झालं. वरून लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं अगदी चिमूटभर.

नाशिकचा_चिवडा
मला एक कळत नाही, एवढी मारामारी करून ओट्सच का खायचे. नाचणीची आंबील आहे, ज्वारीच्या लाह्या आहेत, आपल्या आज्यांनी कुठे ओट्स खाल्ले होते. सगळं मार्केटिंग आहे.

डबा_घरचा
@नाशिकचा_चिवडा मार्केटिंग आहेच, नाही म्हणत नाही, पण इथे डॉक्टरांनी सांगण्यामागे कारण आहे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा पाण्यात विरघळणारा फायबर असतो, तो आतड्यात जेलसारखा घट्ट होतो आणि पित्तातली आम्लं बरोबर घेऊन बाहेर जातो, मग लिव्हरला नवीन पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दल लिहायला परवानगी दिली ती यावरच, दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन धरून, म्हणजे साधारण पाऊण कप कोरडे ओट्स. नाचणी चांगलीच आहे, कॅल्शियमसाठी तर उत्तमच, पण या कामाला ओट्स नाहीतर जव. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही हां, ओट्स तिच्या जोडीला.

आता गंमत अशी की सायलीच्या बाबांना जो चिकटपणा नकोय ना, तोच हा बीटा-ग्लुकन. त्यामुळे काही लोक ओट्स शिजवून चाळणीत धुऊन घ्या सांगतात ते ऐकू नका, मग खायचे कशाला.

थंडीत_कुडकुडणारा
मी स्कॉटलंडमध्ये राहतो, इथे ओट्स म्हणजे घरचं धान्य. जुनी माणसं दूध घालून शिजवतच नाहीत, नुसतं पाणी आणि मीठ. इथल्या कारब्रिज नावाच्या गावात दर वर्षी पॉरिज म्हणजे ओट्सची लापशी करायची जागतिक स्पर्धा होते, १९९४ पासून, आणि मुख्य प्रकारात फक्त ओट्स, पाणी आणि मीठ एवढंच चालतं. जिंकणाऱ्याला सोनेरी स्पर्टल मिळतो, म्हणजे पॉरिज ढवळायची लाकडी दांडी. आमच्या शेजारच्या आजी वाडग्यात गरम पॉरिज आणि बाजूला वेगळ्या कपात गार दूध घेऊन बसतात, प्रत्येक चमचा दुधात बुडवून खायचा. मला आधी हे नाटक वाटलं होतं पण खरंच फरक पडतो, गरम-गार असं लागतं आणि दाणा वेगळा राहतो.

दुसरं, मीठ अगदी शेवटी न घालता शिजत आलं की घाला, आतपर्यंत मुरतं. आणि ओट्स गार झाले की घट्ट होतातच, कोणाच्याही हातचे असोत. करून लगेच खायचे. तुमच्याकडे बाबा लगेच खातात का?

सायली_सांगली
@थंडीत_कुडकुडणारा अय्या, हे डोक्यातच आलं नव्हतं. आई सातला करून झाकून ठेवते, बाबा फिरायला जातात, कट्ट्यावर गप्पा, येतात सव्वाआठला!! म्हणजे खळ व्हायला तासभर मिळतोच आहे. पाकीट पण बघितलं, इन्स्टंटच आहे.

सुगरणमावशी
सायली, अगं तुझ्या बाबांना उकड आवडते असं तूच लिहिलंयस आणि सगळे मिळून त्यांना उपमा खायला घालताय. ओट्सना मोकळं करायच्या मागे लागूच नये माझ्या मते, ते बुळबुळीतच असणार, मग जिथे बुळबुळीत असलेलंच छान लागतं तिथे घालावेत की. उकडीला तेच तर हवं असतं.

भाजलेले ओट्स मिक्सरमधून रवाळ फिरवून ठेव. अर्धी वाटी तो रवा, चमचाभर तांदळाची पिठी, दीड वाटी आंबटसर ताक, गुठळ्या मोडून कालवून घ्यायचं. कढईत तेलाची फोडणी, मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि लसूण, लसणाला हात आखडू नकोस, सात-आठ पाकळ्या ठेचून लालसर होऊ देत. त्यात कालवलेलं ओतायचं, एक दोन मिनिटं हलवायचं, आच बारीक करून झाकण, चार-पाच मिनिटांत दणदणीत वाफ येते. ताटलीत वाढून वरून कच्चं तेल, पण चमचाभरच, त्यांच्या तब्येतीला बघून. लसूण आणि ताकाचा आंबटपणा असला की मीठ आपोआप कमी लागतं, बीपीवाल्यांना बरं. कालवून ठेवलं तर बाबा चपला काढेपर्यंत आई फोडणीला टाकू शकते, उभं राहायला पण फार लागत नाही. उन्हाळ्यात हेच पातळ शिजवून गार करून ताक, ठेचलेला लसूण, जिरेपूड घालून आंबिलीसारखं प्यायचं, तुमच्या सांगलीकडे आंबील काही नवीन नाही.

नाशिकचा_चिवडा
मावशी हे मी पण खाईन.

कढीपत्ता
मान्य, उकड भारी आयडिया आहे. उपमा आठवड्यातून एखाद दिवशी ठेवा बदल म्हणून. थालीपीठ पण होतं हो, पण भाजणीत पाव हिस्साच ओट्सचं पीठ घाला, नुसत्याचं थापताना तुटतं.

सायली_सांगली
आज केली उकड!! आईने कालवून फ्रिजमध्ये ठेवलेलं, गेटचा आवाज आला की गॅस पेटवला. बाबांनी पहिला घास घेऊन विचारलं तांदूळ जुना आहे का, कोणी काही बोललं नाही. ताटली पुसून खाल्ली. मग सांगितलं तर म्हणे असे असतात होय ओट्स, मग इतके दिवस मला काय चारत होतात. आता प्रश्न वेगळाच आहे, त्यांना त्यावर शेव हवीय.

सुगरणमावशी
शेव नको. भाजलेली जवसाची चटणी दे भुरभुरून, त्यात मीठ बेताचं. आणि फ्रिजमधलं कालवण फोडणीत घालायच्या आधी थोडं ताक घालून सैल कर, ओट्स रात्रभरात सगळं पिऊन टाकतात.