पोपट पाळण्याऐवजी परसात पाखरांना दाणापाणी: मांडणी कशी करावी?

परसदार_सातारा: घरातल्या लहान मुलांना पोपट हवाय. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायचा नाही हे नक्की आहे, म्हणून परसातच पाखरं यावीत अशी सोय करायची आहे. पेरू, जास्वंद, शेवगा आहेत. बाजरी टाकली की फक्त कबुतरं उतरतात आणि उरलेल्यावर रात्री उंदीर येतात. चिमण्या, बुलबुल, खारी याव्यात तर काय, किती आणि कुठे ठेवावं? पाण्यात डास होणार नाहीत ना?

चिंचेखाली: निर्णय योग्य आहे. आपल्याकडचा राघू पाळणं, विकणं, विकत घेणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हाच आहे.

आधी पाण्याचं बघा, दाण्याचं नंतर. उन्हाळ्यात दाण्यापेक्षा पाण्यावर जास्त जाती येतात. किडे खाणारे दयाळ, शिंपी हे पक्षी दाण्याला तोंडही लावत नाहीत, पण आंघोळीला येतात. मातीचं पसरट परळ घ्या, पाणी कडेला बोटाच्या एका पेराएवढं आणि मध्ये फार तर दोन इंच. खोल भांडं असेल तर मध्ये खडबडीत दगड ठेवा, नाहीतर पिल्लं बुडतात. झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरतं. सहा-सात फूट मोकळी जागा हवी, पण उडून बसायला जवळपास फांदीही हवी.

डासांना अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज पाणी ओतून दिलं तर ते होत नाहीत. मात्र नुसतं ओतू नका. एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. नारळाच्या काथ्याने कडा घासा. साबण नको.

राळे_बाजरी: कबुतरांचं कारण उघड आहे: दाणे जमिनीवर आणि भरपूर. ताट चार-पाच फुटांवर टांगा आणि भोवती ४ सेंटीमीटर चौकोनाची जाळी बसवा. चिमणी आत जाते, कबुतर आणि कावळा बाहेर राहतात. हे करायलाच हवं, कारण कबुतरांच्या सुक्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक असते. मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद झाला तो याच काळजीपोटी.

राळे, बाजरी, तांदळाची कणी एकत्र करून सकाळी एक मूठ, बस. दुपारपर्यंत संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी अर्धी मूठ. संध्याकाळी ताट रिकामं असलं की उंदीर फिरकत नाहीत. राळ्याची टरफलं वर साचून ताट भरलेलं वाटतं, म्हणून फुंकर मारून बघत जा. तळाला तीन-चार भोकं पाडा; पावसाळ्यात भिजलेल्या दाण्याला एका दिवसात बुरशी येते. फरसाण, बिस्किटं, पाव, खारे दाणे काहीही नको.

आणि झाडांवर औषध फवारू नका. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या-किडेच भरवते. किडे नसतील तर ताट भरलेलं असूनही पिल्लं जगत नाहीत.

शेवगा_शिंजीर: बुलबुल, कोकीळ, तांबट यांना फळ लागतं. पिकलेल्या पपईची फोड किंवा अर्धं केळं फांदीवर ठोकलेल्या खिळ्याला खोचा आणि दिवेलागणीपूर्वी काढून टाका, नाहीतर वटवाघळं येतात. टांगलेल्या ताटाच्या तारेवर मध्ये पाण्याची छोटी वाटी ओवली की मुंग्या खाली उतरत नाहीत. तारेला ग्रीस लावू नका, पिसांना चिकटून पाखरू उडू शकत नाही.

शिंजिराला (फुलांतला मध पिणारं इवलं पाखरू) साखरपाणी देऊ नका, तुमच्या जास्वंदी आणि शेवग्याच्या फुलांत मध आहे. जास्वंदीच्या फुलाला बुडाशी बारीक भोक दिसलं तर रोग समजू नका. बहुधा शिंजिराने तिथून चोच घातलेली असते.

खारींसाठी भुईमुगाच्या चार-पाच कच्च्या शेंगा पुरतात. काळपट, बुरशीचा वास येणारी शेंग टाकून द्या. मुलांना हातावरून भरवू देऊ नका, घाईत खार बोटालाच चावते.

परसदार_सातारा: आभार. खारीचं पिल्लू खाली पडलं तर दूध पाजायचं का?

चिंचेखाली: अजिबात नाही. गाईच्या दुधाने हगवण लागते आणि ड्रॉपरने पाजताना दूध श्वासनळीत जातं. जखम नसेल तर सुती फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली खोक्यात ठेवून पिल्लू उबेला ठेवा, खोकं त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवा आणि लांबून लक्ष ठेवा. आई बऱ्याचदा तोंडात धरून उचलून नेते. अंधार पडेपर्यंत आली नाही, किंवा जखम असेल, तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.