राफ्टिंगसाठी सल्ला हवा : कोल्हापूरहून सहा जण, एकूण खर्च १५,०००

सायबरचौक_निवासी
नमस्कार. १५ ऑगस्टच्या सुट्टीला जोडून घरच्या सहा जणांनी राफ्टिंगला जावे, असे घाटत आहे. आम्ही दोघे, आमची मुलगी, थोरले बंधू, वहिनी आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा असे जाणार आहोत. मुलीला जानेवारीत चौदावे पूर्ण होईल. पुतण्या वगळता कोणालाही पोहता येत नाही आणि मला चष्म्याशिवाय एसटीची पाटीही वाचता येत नाही. घरची सात आसनी गाडी आहे. डिझेल, टोल, जेवण, मुक्काम आणि राफ्टिंग धरून एकूण १५,००० रुपयांच्या वर जायचे नाही, हे पक्के ठरले आहे. कोलाड, दांडेली आणि गोव्यातील म्हादई ही नावे कानावर आली आहेत. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कोठे जावे आणि काय सांभाळावे ते सांगावे, ही विनंती.

हिमालयप्रेमी
ज्याने ऋषिकेशची गंगा पाहिली, त्याला कोलाडचे नाव सांगू नये. शिवपुरी ते ऋषिकेश या १६ किलोमीटरांत ‘रोलर कोस्टर’ आणि ‘गोल्फ कोर्स’ हे दोन खळाळ एकदा अंगावर घ्या, म्हणजे राफ्टिंग कशाला म्हणतात ते कळेल. मी कौडियाल्यापासूनचा लांबचा टप्पाही केला आहे आणि ‘द वॉल’ या खळाळात आमची राफ्ट उलटूनसुद्धा आम्ही आठही जण हसत वर आलो होतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुरामुळे तेथे राफ्टिंग बंद असते, म्हणून दिवाळीची तिकिटे आताच काढा. पुण्याहून दिल्लीमार्गे देहरादूनचे विमान मिळते. ठरलेल्या रकमेत थोडी भर घालावी लागेल, एवढेच.

शिवाजी_पेठ
पोहता येत नसेल तर आधी महिनाभर पंचगंगेच्या घाटावर या आणि मग राफ्टिंगचा विचार करा. आम्ही शाळेत असल्यापासून महापुरात शिवाजी पुलावरून उड्या टाकत आलो आहोत. कोलाडला मी दोनदा जाऊन आलो असून ते पाणी म्हणजे आम्हाला रंकाळ्यातील नौकाविहार वाटला.

नदीवेडी
शिवाजी_पेठ यांचा अनुभव मोठा आहे, परंतु त्यांचा सल्ला घेऊ नका. मी दोन हंगाम राफ्टवर गाईड म्हणून काम केले आहे आणि मला सर्वांत जास्त त्रास उत्तम पोहणाऱ्यांनी दिला आहे. राफ्टमधून पडल्यावर माणसाला पोहता येते की नाही याला फारसे महत्त्व नसते, कारण लाइफ जॅकेट त्याला तरंगत ठेवतेच. पडलेल्याने पाठीवर झोपावे, पाय प्रवाहाच्या दिशेला करून पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवावेत आणि बचावाची दोरी भरलेली पिशवी त्याच्याकडे फेकली जाईपर्यंत शांत राहावे. पट्टीचा पोहणारा मात्र उलटा होऊन काठाकडे झेपावतो, गुडघे फोडून घेतो आणि कमरेएवढे पाणी दिसताच उभा राहतो. वाहत्या पाण्यात उभे राहणे ही सर्वांत घातक चूक आहे, कारण पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकले की मागचे पाणी माणसाला पुढे लोटते आणि तोंड पाण्याखाली जाते.

पुरातील उड्यांविषयीही एक गोष्ट सांगते. कोल्हापुरातील नद्यांना लाटा नाहीत, म्हणून त्या सोप्या ठरत नाहीत. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली गेल्यावर पुन्हा बंधाऱ्याकडेच वळते आणि त्या भोवऱ्यात सापडलेला माणूस तेथेच गोल फिरत राहतो. पाचव्या, म्हणजे अतिशय अवघड, श्रेणीच्या खळाळात उतरणारी माणसेसुद्धा बंधारा दिसला की राफ्ट काठाला लावून पायी वळसा घालतात.

गडहिंग्लजकर
दांडेलीशिवाय दुसरा विचार करू नये. काळी नदी, दोन्ही बाजूंना जंगल आणि नशिबात असेल तर धनेशाचे दर्शन, एवढे सगळे २०० किलोमीटरांच्या आत आहे. बहुतेक लोक दांडेली गावात मुक्काम करतात आणि सकाळी राफ्टिंगसाठी पुन्हा गणेशगुडीपर्यंत मागे येतात. त्यापेक्षा बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर या रस्त्याने थेट गणेशगुडीलाच पोहोचावे. आम्ही हे तिसऱ्या फेरीत शिकलो.

पावतीवाला
कोठेही जा, पण पॅकेज घेऊ नका. दोन वर्षांपूर्वी मी कोलाडजवळच्या एका रिसॉर्टचे ‘राफ्टिंगसह मुक्काम’ असे पॅकेज घेतले होते. जाहिरातीत १२ किलोमीटरांचे राफ्टिंग होते. प्रत्यक्षात पाऊण तासात आम्हाला बाहेर काढण्यात आले आणि ‘आज पाणी कमी आहे’ असे सांगण्यात आले. परतावा मागितल्यावर मला दुसऱ्या वेळी सवलत देण्याचे आश्वासन मिळाले, जणू मी दुसऱ्यांदा जाणारच होतो. छायाचित्रांचे पैसे वेगळे, गरम पाण्याचे वेगळे आणि अमर्याद म्हटलेल्या नाश्त्यातील पोहे साडेसात वाजता संपलेले. नदीवर नेमके किती किलोमीटर नेणार, पाणी नसेल तर पैसे परत मिळणार का आणि सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्यांना वाचवणारी छोटी नाव, असणार का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. मी विचारले नव्हते.

हिमालयप्रेमी
ऋषिकेशला असे प्रकार होत नाहीत.

पावतीवाला
ऋषिकेशलाही होतात. माझ्या साडूंना विचारावे.

कळंब्याची_आई
मूळ प्रश्नात मुलीचे वय दिलेले असूनही त्याकडे कोणी पाहिलेले दिसत नाही, म्हणून लिहिते. आमचा मुलगा तेरा वर्षे आणि आठ महिन्यांचा असताना आम्ही कोलाडला गेलो होतो. नोंदणी करताना फोनवर वय कोणी विचारले नाही. नदीकाठी मात्र आधार कार्ड पाहिले आणि चौदाच्या आतील मुलाला राफ्टमध्ये घेता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याने हेल्मेट आधीच डोक्यात घातले होते. ते काढून देताना त्याचे तोंड एवढेसे झाले आणि पुढचे तीन तास तो आजोबांबरोबर टेम्पोत बसून राहिला. आम्हाला त्या वेळी राग आला होता, पण नदी पाहिल्यावर त्यांचे बरोबर होते असे माझे मत झाले. ऑगस्टमध्ये जाणार असाल, तर मुलीला घरी ठेवावे लागेल किंवा नियम न पाळणारा माणूस शोधावा लागेल, आणि असा माणूस इतर कोणते नियम पाळत नसेल याचा विचार केलेला बरा.

वाळपईचा_पाहुणा
ऑगस्टच म्हणत असाल तर म्हादईला जावे, कारण ती पावसाळ्यातच खेळण्याची नदी आहे. जून ते सप्टेंबर हाच तेथील हंगाम असतो. बेळगावहून चोर्ला घाटाने उतरले की सत्तरी तालुका लागतो. दांडेली पावसाळ्यात बंद असते, हे गडहिंग्लजकर सांगायचे विसरलेले दिसतात.

गडहिंग्लजकर
विसरलो नाही. नोव्हेंबरमध्ये जावे, असे गृहीत धरले होते.

निवृत्त_मास्तर
कोलाडच्या कुंडलिकेतील राफ्टिंग पावसाच्या भरवशावर चालत नाही, हे येथे अजून कोणी सांगितलेले नाही आणि पावतीवाला यांच्या तक्रारीचे मूळ त्यातच आहे. मुळशीच्या धरणात अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला भिरा येथील टाटांच्या वीजगृहात सोडले जाते. १९२७ पासून हे चालू आहे. जे पाणी मुळा, भीमा आणि कृष्णा असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला गेले असते, ते वीज करून झाल्यावर कुंडलिकेत येते आणि रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला आणि ज्या लढ्यामुळे पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले, तेच हे धरण होय.

याचा आपल्याशी संबंध असा की सकाळी वीजगृहातून सुटलेले पाणी आले की त्यावर राफ्ट सोडतात आणि ते ओसरले की त्याच पात्रातील दगड उघडे पडतात. म्हणूनच तेथे सकाळी लवकर बोलावतात आणि उशिरा येणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही. नदी आपली वाट पाहत नसते. पाणी सुटले तर राफ्टिंग मार्चमध्येही होते आणि सुटले नाही तर रद्द होते. आदल्या संध्याकाळी फोन करून ‘उद्या पाणी आहे का’ एवढे विचारावे. मी सहलीला मुले नेली तेव्हा हे न विचारल्यामुळे चाळीस मुलांना कोरडी नदी दाखवून परत आणले होते.

शिवाजी_पेठ
असे असेल तर राधानगरीचे दरवाजे उघडल्यावर भोगावतीतही राफ्टिंग व्हायला हवे. आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही, हे खरे दुखणे आहे.

नदीवेडी
राधानगरीचे दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, त्यामुळे त्यांच्यावर वेळापत्रक बसवता येणार नाही. शिवाय राफ्टिंगला नुसते पाणी पुरत नाही, पात्र उतरते आणि खडकाळ असावे लागते. भोगावती सपाटीला आली की तिच्यावर बंधाऱ्यामागून बंधारे आहेत आणि बंधाऱ्यांविषयी मी वर लिहिलेच आहे.

अर्धा_दात
राफ्टिंगमध्ये मला नदीने काही केले नाही, माझ्या मेहुण्याने केले. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते आणि एक हात कायम तिच्यावर झाकलेला असावा, असे सुरुवातीलाच शिकवतात. मेहुण्याने पहिल्याच मोठ्या लाटेत तो हात सोडून राफ्टची दोरी पकडली. मोकळी झालेली मूठ माझ्या तोंडावर आली आणि पुढचा दात अर्धा तुटला. दाताला कॅप बसवायला जो खर्च आला, त्यात आम्ही दोघे पुन्हा राफ्टिंग करून आलो असतो. वल्हे सोडू नका आणि मेहुण्याच्या शेजारी बसू नका.

करकर_कापशी
चष्म्याला मागून घट्ट दोरी बांधा, माझा चष्मा पहिल्या दहा मिनिटांत गेला. पायातही बंद असलेले सँडल किंवा जुने बूट घाला. मी नवी कोरी कापशी पायताणे घालून गेलो होतो. एक पायताण साध्या वळणावरच निघून गेले आणि मास्तरांनी सांगितलेला मार्ग पाहता ते आता रेवदंड्याला असावे. उरलेले चामडे भिजून असे आक्रसले की त्याची करकरसुद्धा राहिली नाही. जीन्सही नको, ती पाण्याने जड होते आणि दिवसभर वाळत नाही. जाण्यापूर्वी तांबडा-पांढरा ओरपू नये, हेही स्वानुभवाने सांगतो.

वाळपईचा_पाहुणा
चष्म्याला दोरी हवीच. दोरी मिळाली नाही तर जुन्या बनियनची नाडी चालते.

करकर_कापशी
बनियनला नाडी नसते.

सायबरचौक_निवासी
सर्वांचे मनापासून आभार. आपण सुचवलेल्यांपैकी कोणताही बेत आम्ही जसाच्या तसा स्वीकारलेला नाही, म्हणून आधीच क्षमा मागतो. ऑगस्टचा बेत रद्द केला आहे, कारण मुलीला काठावर बसवून आम्ही पाण्यात उतरणे घरात कोणालाच मान्य झाले नाही. फेब्रुवारीतील दुसऱ्या शनिवारी कोलाडला जायचे ठरले आहे. तोपर्यंत तिला चौदावे पूर्ण झालेले असेल आणि मास्तर म्हणतात त्याप्रमाणे पाणी वीजगृहाचेच असल्याने पावसाची गरज नाही. मी बँकेत असल्यामुळे दुसरा शनिवार मोकळा असतो. शुक्रवारी संध्याकाळी निघून कोथरूडला बहिणीकडे राहू, पहाटे ताम्हिणी घाट उतरू आणि राफ्टिंग करून रात्रीपर्यंत परत येऊ. मुक्कामाचा खर्च वाचल्यामुळे जाऊन-येऊन सुमारे ७०० किलोमीटरांचे डिझेल, किणीपासून खेड-शिवापूरपर्यंतचे चार टोलनाके आणि सहा जणांचे राफ्टिंग हे सगळे १५,००० रुपयांत बसते. पावतीवाला यांचे तीन प्रश्न मी काल एका आयोजकाला लेखी पाठवले आहेत. दोहोंची उत्तरे आली असून परताव्याचे अजून आलेले नाही.

वाळपईचा_पाहुणा
फेब्रुवारीत काठावरचे डोंगर वाळून गेलेले असतात. पावसाळ्यात धबधबे पाहत जाण्यात जी मजा आहे, ती तुम्ही घालवत आहात.

गडहिंग्लजकर
फेब्रुवारीच धरायचा असेल तर दांडेली निम्म्या अंतरावर आहे आणि तेव्हा ती ऐन हंगामात असते. सहा माणसे घेऊन पुण्याला वळसा कशासाठी?

सायबरचौक_निवासी
आपले म्हणणे योग्य आहे, पण गणेशगुडीला माझी बहीण राहत नाही.

पावतीवाला
परताव्याचे उत्तर येणार नाही.

नदीवेडी
बेत चांगला आहे. पहाटे तीन तासांचा घाटप्रवास करून मुले पाण्यात उतरतील, तेव्हा वाटेत हलके काहीतरी खायला द्या. काठावर लाइफ जॅकेट घातल्यावर सगळे पट्टे ओढून घ्या आणि खांद्यांपाशी धरून ते कोणाला तरी जोरात वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर ते सैल आहे किंवा मापाचे नाही, मग ते बदलून मागा. मुलीचे जॅकेट गाईडने तपासले असले तरी तुम्ही स्वतः पुन्हा ओढून पाहा. तिला मागच्या बाजूला गाईडजवळ बसवा आणि पुतण्याला पुढे बसू द्या. पोहता येते म्हणून पाण्यात उडी मारणार नाही, एवढे त्याच्याकडून आधी कबूल करून घ्या.

हिमालयप्रेमी
फेब्रुवारीत ऋषिकेशलाही राफ्टिंग सुरू असते.