स्वस्त घरगुती गेम कन्सोलवर ऑनलाइन खेळ हवेत का?

यंत्रमाग_पूर्वभाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे चौघे मित्र रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकावर एक गेम कन्सोल जुळवतोय. टीव्हीला लावायचं खोकं, दोन कंट्रोलर, आणि किंमत पाच हजारांच्या आत ठेवायची धडपड. पाठीशी कुठली कंपनी नाही. महिनाभर आमच्यात एकाच गोष्टीवरून वाजतंय: ऑनलाइन खेळ द्यायचे की नाही? माझं मत, देऊ नयेत.

मे महिन्यात पहिला नमुना अशोक चौकाजवळ मावशीकडे ठेवला होता. घरात डेटा असलेला फोन एकच, काकांचा. रेंज फक्त खिडकीत, म्हणून फोन गजाला टेकवून हॉटस्पॉट लावायचा. संध्याकाळी सातला काका रात्रपाळीला निघाले, फोन खिशात टाकला, आणि घरातलं इंटरनेट त्यांच्या सायकलवरून कारखान्यात गेलं. पोरं डाव अर्ध्यावर सोडून नुसती पडद्याकडे बघत बसली. मग मी नेट न लागणारा साधा पळापळीचा खेळ लावून दिला. जमिनीवर चादर अंथरली, शेजारची धरून सहा जण जमली. कंट्रोलर दोनच, तरी ‘आता माझा नंबर’ करत जेवणाची हाक येईपर्यंत कुणी उठलं नाही.

दुसरं पैशाचं. खोकं एकदाच विकलं जातं, सर्व्हरचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. ऊया नावाचा कन्सोल आठवतो का? २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे जमवायच्या साइटवर साठ हजारांहून जास्त लोकांनी त्यासाठी सुमारे ८६ लाख डॉलर दिले. ९९ डॉलरचा तो अँड्रॉइड कन्सोल २०१३ मध्ये बाजारात आला. २०१५ मध्ये त्याचा सॉफ्टवेअरचा भाग रेझर कंपनीने घेतला आणि २५ जून २०१९ ला सेवा बंद झाली. ज्या खेळांना खरेदीची खात्री सर्व्हरकडून करून घ्यावी लागायची, ते पैसे भरूनही अडकले. एवढा पैसा जमूनही सहा वर्षं, तर आमच्या चौघांचं काय? आणि ऊयावर सगळ्यात नावाजला गेला तो टॉवरफॉल, एकाच टीव्हीपुढे चौघांनी बसून खेळायचा. ऑनलाइन नव्हताच तो.

होटगीरोडची_ताई

दादा, चादरीवर बसायला माणसं तर पाहिजेत की ओ! माझा मुलगा एकटा. शेजारी सगळी मोठी माणसं. त्याचा मामा पुण्यात नोकरीला, येतो तो दिवाळीला आणि गड्ड्याच्या जत्रेला. पण रोज रात्री साडेनऊला मामा-भाचे फोनवर खेळतात. खेळता खेळता शाळेत काय झालं ते पोरगं त्याला सांगतं. मला विचारून विचारून सांगत नाही ते. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत ऐकते. आपल्याकडे कोणत्या घरातलं कोणी पुण्याला नाही? तुमचं खोकं या दोघांना जोडणार नसेल तर मी ते घेऊन काय करू?

नवीपेठ_९०

ताईंचं बरोबर आहे. दुकानात पोरगं पहिलं विचारणार, बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) चालतं का. नाही म्हटलं की गिऱ्हाईक गेलं.

यंत्रमाग_पूर्वभाग

मालक, तो खेळ आपल्या हातातला आहे का? पबजी भारतात २ सप्टेंबर २०२० ला बंद झाला. २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही काढला गेला, मे २०२३ मध्ये परतला. असे हेलकावे मोठी कंपनी सोसते. आम्ही त्याच्या भरवशावर खोकं विकलं असतं तर दहा महिने लोकांना काय तोंड दाखवलं असतं?

ताई, तुमचं मात्र मनाला लागलं. त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

जोडणी_सातरस्ता

मी नेटवर्कचं काम करतो. तुम्ही दोघं ‘ऑनलाइन’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी धरताय. हजारो अनोळखी लोकांना एकत्र आणणारा खेळ, त्याला सर्व्हर, देखरेख, शिवीगाळ आवरणं, सगळं लागतं. ते चौघांना झेपणार नाही. पण ताईंना हवीत दोनच घरं.

तेही फुकट होत नाही, हे आधी सांगतो. मोबाइल डेटावर इंटरनेटचा एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटलेला असतो. म्हणून सोलापूरचं खोकं आणि पुण्याचं खोकं थेट एकमेकांना सापडत नाहीत. मध्ये ओळख करून देणारा एक छोटा सर्व्हर लागतो. ओळख झाली की पुष्कळदा ती दोघं थेट बोलतात, कधीकधी मात्र सगळी ये-जा त्या सर्व्हरवरूनच करावी लागते. तरी दोघांचा खर्च तो केवढा. आणि खेळही तसे निवडा. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या खेळात एका फ्रेमला १७ मिलिसेकंदसुद्धा मिळत नाहीत, तिथं रेंज डळमळली की मारामारीच्या खेळाचा विचका होतो. कॅरम, सापशिडी, पत्ते यांना अर्धा सेकंद उशीर चालतो.

शेवटचं, त्या सर्व्हरचा कोड पहिल्या दिवसापासून खुला ठेवा, म्हणजे तुम्ही थांबलात तरी कुणालाही तो चालवता येईल. क्वेक हा बंदुकांचा खेळ १९९६ चा. १९९९ मध्ये त्याचा कोड खुला झाला, आणि लोक आजही आपापले सर्व्हर लावून तो खेळतात.

होटगीरोडची_ताई

कॅरम चालेल की! मामाला येतोही चांगला.

यंत्रमाग_पूर्वभाग

मग एवढं ठरवतो. खोक्यातला एकही खेळ सुरू व्हायला नेट मागणार नाही, या शब्दावरून मी हलणार नाही. त्यावर दोन घरांचा कॅरम जोडून बघतो, कोड खुला ठेवून. ताई, महिनाभरात दोन नमुने तयार करतो. एक तुमच्याकडे आणून देतो, दुसरा मामांकडे पुण्याला पाठवतो. रात्री साडेनऊलाच लावा, त्या वेळेला नेट कसं चालतं तेच मला बघायचंय.