शनिवारच्या खेळातले सहा गॉब्लिन आणि एक ओगर : सल्ला हवा आहे

डी ३०४
नमस्कार मंडळी. सुट्टी लागल्यापासून आपल्या सोसायटीतली चार मुले क्लबहाउसमध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रे वठवण्याचा कथाखेळ खेळत आहेत आणि खेळ चालवण्याचे, म्हणजे डंजन मास्टरचे काम माझ्याकडे आहे. आम्ही २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे नियम वापरतो. चौघांची पात्रे पहिल्या लेव्हलची आहेत : लढणारा फायटर, जखमा बऱ्या करणारा क्लेरिक, मंत्र टाकणारा विझर्ड आणि चोरपावलांनी काम साधणारे ‘रोग’. शनिवारसाठी मी असा बेत केला आहे की रामटेकचा गड उतरून ही मंडळी नगरधनच्या किल्ल्याकडे निघतात, वाटेत सागाच्या जंगलात सहा गॉब्लिन, म्हणजे खुजे राक्षस, दबा धरून बसलेले असतात आणि त्यांच्यातून निभावून पुढे गेल्यावर नाल्यावरच्या पुलावर एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, वाट अडवतो. गॉब्लिनचे चॅलेंज रेटिंग, म्हणजे बळाचा आकडा, पाव आहे आणि ओगरचे दोन, त्यामुळे चौघांना हे झेपेल असे वाटते. ज्यांना या खेळाची माहिती आहे त्यांनी हा बेत तपासून द्यावा, ही विनंती.

बी ७०१
काका, मी हॉस्टेलवर हा खेळ दोन वर्षे चालवला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही प्रसंग पहिल्या लेव्हलला फार जड आहेत. २०१४ च्या नियमांप्रमाणे पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी सोपी लढत १०० एक्सपीची (म्हणजे अनुभवाच्या गुणांची), मध्यम २०० ची, कठीण ३०० ची आणि प्राणघातक ४०० ची धरतात. एका गॉब्लिनचे ५० एक्सपी, म्हणून सहांचे ३०० होतात. पण शत्रू तीन ते सहा असतील तर लढतीचा जडपणा मोजताना ती बेरीज दुप्पट करावी लागते, म्हणजे तुमची पहिलीच लढत ६०० वर जाते. एकट्या ओगरचे ४५० आहेत. दोन गॉब्लिन ठेवले तर दीडपट धरून १५० होतात, तीन ठेवले की एकदम ३०० आणि चार ठेवले की ४००. दोनावरून तीनावर जाताना ही जी उडी बसते, तिच्यामुळे बहुतेक नव्या डंजन मास्टरांचा अंदाज चुकतो, कारण चॅलेंज रेटिंग एका राक्षसाचे बळ सांगते, तर लढतीचा निकाल बहुधा कोणत्या बाजूला एका फेरीत जास्त वार करायला मिळतात यावर ठरतो.

ए १०२
मुलाने बरोबर सांगितले आहे. मी आयुष्यभर गणित शिकवले, त्यामुळे फाशांचा हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. नातू विझर्ड खेळतो. त्याच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १२ आणि हिट पॉइंट (किती नुकसान सोसता येते तो आकडा) ७ लिहिलेले आहेत. गॉब्लिनला हल्ल्यावर ४ अधिक मिळतात, म्हणून वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडले की बाण लागतो, म्हणजे ६५ टक्के वेळा. दबा धरून मारलेल्या बाणाला ॲडव्हांटेज मिळतो, दोन फासे टाकून मोठा आकडा धरतात, त्यामुळे शक्यता सुमारे ८८ टक्के होते. एका बाणाचे नुकसान सरासरी साडेपाच. म्हणजे पहिल्या फेरीत, मुले बेसावध असल्याने त्यांना काहीही करता येत नसताना, दोन बाण लागले तरी विझर्ड बहुधा खाली पडतो, आणि इथे बाण सहा आहेत.

ओगरचा हिशेब अधिक वाईट आहे. त्याचा सोटा आठ बाजूंचे दोन फासे अधिक ४ इतके नुकसान करतो. हिट पॉइंट शून्यावर येऊन उरलेले नुकसान पात्राच्या कमाल हिट पॉइंटइतके किंवा त्याहून जास्त भरले तर पात्र तत्क्षणी मरते, असा नियम आहे. सात हिट पॉइंटच्या विझर्डसाठी ती सीमा १४ आहे, आणि दोन फाशांच्या ६४ शक्यतांपैकी २८ मध्ये १४ किंवा जास्त येतात. लागलेल्या दर शंभर फटक्यांतले सुमारे ४४ फटके त्याचा जागीच जीव घेतील. सहावीतल्या मुलाने स्वतःच्या हाताने नाव घालून, चित्र काढून तयार केलेले पात्र पहिल्याच शनिवारी असे जावे, हे मला योग्य वाटत नाही.

सी ४०३
दादा, माझा प्रश्न पात्रांविषयी आहे. मुलीने फासे टाकून पात्राचे गुण (ताकद, चपळाई वगैरेंचे आकडे) काढले तर तिला १२ च्या वर एकही मिळाला नाही आणि फायटर खेळणाऱ्या मुलाला १७ मिळाला, याचे तिला वाईट वाटते आहे. शिवाय तिचे पात्र ‘रोग’ असल्यामुळे आपल्याच साथीदारांच्या पिशव्यांतून चोरी करायची, असे तिने ठरवले आहे. हे नियमात बसते का?

बी ७०१
ताई, गुणांचा उपाय सोपा आहे. चौघांनीही १५, १४, १३, १२, १० आणि ८ हेच सहा आकडे घ्यावेत आणि कोणता कुठे ठेवायचा ते आपापल्या पात्राप्रमाणे ठरवावे. हा ठरीव संच नियमांतच दिलेला आहे. ‘रोग’साठी १५ डेक्स्टेरिटीला (चपळाईला) द्यावा म्हणजे २ अधिक मिळतात, आणि ८ स्ट्रेंग्थला (ताकदीला) दिला तरी १ च उणा होतो. चारही पात्रे बरोबरीने सुरू झाली की कोणाला मागे पडल्यासारखे वाटत नाही.

साथीदारांच्या चोरीवर नियमांत बंदी नाही, पण मी माझ्या टेबलावर ती कधीच चालू देत नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी सगळ्यांनी एकत्र बसून हे ठरवावे की आपली पात्रे एकमेकांविरुद्ध फासे टाकणार नाहीत. तिला चोरीच करायची असेल तर काकांनी तिला चोरण्यासारखे काहीतरी द्यावे, उदाहरणार्थ गॉब्लिनच्या नायकाच्या कमरेची किल्ली. पात्राचा स्वभाव तोच राहतो, आणि तिने किल्ली काढून आणली की उरलेले तिघे तिचे कौतुक करतात.

काका, आता प्रसंगांकडे वळतो. गॉब्लिन चार करा, पण एकदम चार आणू नका : वाटेवर दोन दिसू द्या आणि तिसऱ्या फेरीत झाडीतून आणखी दोन येऊ द्या. दबा ठेवायचाच असेल तर पायांचे ठसे, तुटलेली फांदी असे काहीतरी आधी दिसू द्या, म्हणजे जो लक्ष देईल त्याला सावध होण्याची संधी मिळेल. निम्मे पडले की उरलेल्यांनी पळून जावे. गॉब्लिनला बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या मुख्य कृतीखेरीजच्या छोट्या कृतीत, निसटण्याची किंवा लपण्याची सोय आहेच, आणि पळालेला गॉब्लिन पुढच्या कथेला उपयोगी पडतो.

ओगर मात्र ठेवा. फक्त त्याला लढण्याऐवजी काहीतरी हवे असू द्या. त्याची बुद्धी ५ आहे, पण तो माणसांची सामाईक भाषा बोलतो, म्हणजे त्याच्याशी बोलणी होऊ शकतात. तो भुकेला असेल, किंवा त्याच्या पायात गॉब्लिनचा बाण रुतलेला असेल. बाण काढून देणारा क्लेरिक, त्याला बोलण्यात गुंतवणारा विझर्ड, तेवढ्यात पुलाखालून पलीकडे जाणारी ‘रोग’ आणि बोलणी फिसकटली तर पुढे उभा राहणारा फायटर, अशी प्रत्येकाला कामे मिळतात. मला विचाराल तर या खेळातली उत्तम भेट तीच, जिच्यात समोरच्याला मारून टाकणे हा अनेक मार्गांपैकी एक असतो.

एक लहान गोष्ट राहिली. क्लेरिकने हीलिंग वर्ड हे जखमा भरणारे स्पेल, म्हणजे मंत्र, अवश्य घ्यावे. ते बोनस ॲक्शनमध्ये आणि साठ फुटांवरून करता येते, म्हणून पडलेल्या मित्राला उभे करून त्याच फेरीत गदेचा वारही करता येतो.

डी ३०४
मनःपूर्वक आभार. मी बेत असा बदलतो : दोन अधिक दोन गॉब्लिन, आधी ठसे दिसतील, नायकाच्या कमरेला किल्ली असेल, आणि ओगरच्या पायात बाण. ती किल्ली नगरधनच्या किल्ल्यातल्या तळघराची असेल, म्हणजे पुढच्या शनिवारची सोय झाली. चौघेही ठरीव संचाप्रमाणे शीट नव्याने भरतील. सर, हिट पॉइंट शून्यावर आले तर मुलांना काय सांगावे?

ए १०२
शून्य म्हणजे मरण नव्हे, हे आधीच सांगा. आपल्या पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. १० किंवा जास्त पडले तर यश, कमी पडले तर अपयश, आणि तीन यशे आधी झाली तर पात्र स्थिर होते. १ पडला तर दोन अपयशे धरतात आणि २० पडले तर पात्र एका हिट पॉइंटसह शुद्धीवर येते. आता नातवाचा एक प्रश्न विचारतो : स्लीप स्पेल टाकून ओगरला झोपवता येईल का?

बी ७०१
नाही, सर. २०१४ च्या नियमांत स्लीप टाकताना आठ बाजूंचे पाच फासे टाकतात आणि बेरजेइतक्या हिट पॉइंटचे शत्रू झोपतात. बेरीज जास्तीत जास्त ४० होऊ शकते आणि ओगरचे हिट पॉइंट ५९ आहेत. पण सरासरी बेरीज साडेबावीस येते आणि एका गॉब्लिनचे हिट पॉइंट ७ आहेत, म्हणजे जवळ उभे असलेले तीन गॉब्लिन एका स्पेलमध्ये बहुधा झोपतात. पहिल्या लेव्हलला अशी दोनच स्पेल करता येतात; दिवसातून एकदा लहान विश्रांतीनंतर विझर्डला एक परत मिळते, पण दोन्ही परत मिळायला लांब विश्रांती लागते. त्यामुळे स्लीप दुसरी जोडी झाडीतून बाहेर येईपर्यंत राखून ठेवावे, एवढे त्याला सांगा. आणि इंटरनेटवर शोधताना २०२४ च्या आवृत्तीतले स्लीप उघडू नये, कारण त्यात फाशांच्या बेरजेऐवजी शत्रूला सेव्हिंग थ्रो, म्हणजे फासा टाकून स्पेलपासून वाचण्याची संधी मिळते.