क्रीम आधी, पावडर नंतर

फाउंडेशनचे कण निघतात म्हणून प्रायमर (फाउंडेशनखाली लावायचा थर) बदलू का, असं विचारलंयस. त्याआधी क्रम बघ गं. मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, आणि मग दहा मिनिटं चक्क थांब; तोवर निऱ्या काढून घे. सनस्क्रीन ओलं असताना वर काही चोळलं की खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या निघतात. फाउंडेशन ओल्या स्पंजने थोपटायचं. डाग झाकायचं कन्सीलर त्यानंतर, म्हणजे निम्मंच पुरतं. क्रीम ब्लश असेल तर कॉम्पॅक्टच्या, म्हणजे दाबलेल्या पावडरच्या, आधीच लाव. बहिणीच्या हळदीला मी उलटं केलं आणि तिच्या गालांवर ठिगळं दिसायला लागली, सगळं पुसावं लागलं. गडद आयशॅडो मात्र मी फाउंडेशनच्याही आधी लावते, डोळ्यांखाली सांडलेली भुकटी सहज पुसता येते.