फ्लेमिंग गॉर्ज : मुलांना आणि वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन शीप क्रीकचा वळसा घ्यावा का?

प्रश्न

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही युटामधील फ्लेमिंग गॉर्ज जलाशयाच्या काठाने गाडीतून फिरणार आहोत. बरोबर नऊ आणि सहा वर्षांची दोन मुले आहेत, शिवाय गुडघेदुखीमुळे फार चालू न शकणारे सासरेही आहेत. मुक्काम व्हर्नलला आहे. भूशास्त्राची आवड घरात एकट्या मलाच असल्यामुळे मागच्या सहलीत ‘आणखी एक दगड का?’ हे वारंवार ऐकावे लागले. शीप क्रीक कॅनियनचा वळसा (म्हणजे दरीतून जाऊन पुन्हा मुख्य रस्त्याला मिळणारा रस्ता) घ्यावा, की रेड कॅनियनच्या कड्यावरून तलाव पाहून परत फिरावे?

प्रतिसाद १

वळसा अवश्य घ्या, पण मनिला गावाच्या बाजूने. धरणाकडून ४४ क्रमांकाच्या रस्त्याने येणाऱ्यांना दक्षिणेचे तोंड आधी लागते आणि बहुतेक जण तिथूनच खाली उतरतात. त्यामुळे सर्वांत जुना खडक, म्हणजे गोष्टीचा कळस, आधीच उघड होतो. उत्तरेकडून शिरल्यास पुढे जावे तसा खडक जुना होत जातो. एके काळी वाळूच्या टेकड्या असलेला नवाहो वालुकाश्म, मग मोएनकोपी नावाचा लाल थर, पुढे पॅलिसेड्सचे करडे चुनखडीचे कडे, आणि युइंटा प्रस्तरभंग (ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकले आहेत ती) ओलांडला की सत्तर कोटी वर्षांहूनही जुना, क्वार्टझाइट नावाचा कठीण तांबूस खडक. प्रस्तरभंगाच्या हालचालीत आडवे थर इतके वाकले आहेत, की काही ठिकाणी ते कपाटातल्या पुस्तकांसारखे उभे दिसतात. थरांच्या नावांचे फलक रस्त्याकडेलाच आहेत. आमच्या मुलीने अशा एका उभ्या थराला तळहात लावून ‘हा आधी झोपलेला होता?’ असे विचारले, तेव्हा माझे निम्मे व्याख्यान वाचले.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. रस्ता अरुंद आणि चढउताराचा आहे, त्यामुळे मोठी कॅम्पर गाडी नेऊ नये. दुसरे म्हणजे, पावसाची चिन्हे असतील तर त्या दिवशी दरीत शिरूच नये. जून १९६५ मध्ये येथील ओढ्याला अचानक आलेल्या पुरात तंबूंच्या तळावर मुक्कामाला असलेले सात जण वाहून गेले. त्यांचे स्मारक पॅलिसेड्सपाशी आहे आणि उन्हाळ्यात दरीत रात्रीचा मुक्काम करू देत नाहीत.

मुलांचे म्हणाल, तर तुम्ही नेमक्या हंगामात जात आहात. तलावातले कोकॅनी जातीचे सामन मासे याच सुमारास अंडी घालण्यासाठी शीप क्रीकमध्ये चढतात. अंग लालभडक, डोके हिरवट, आणि पाणी इतके उथळ की पाठी वर दिसतात. आमच्या मुलांना नंतर खडकांपैकी फारसे काही आठवत नव्हते, मासे मात्र आठवत होते.

प्रतिसाद ३

सासऱ्यांसाठी रेड कॅनियन सोयीचे आहे. तिथे कड्यालगतची वाट सपाट आहे आणि पाणी हजार फुटांहून अधिक खाली दिसते. १९१ क्रमांकाचा रस्ता थेट १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या, ५०२ फूट उंचीच्या धरणाच्या माथ्यावरून जातो, म्हणजे त्यांना न उतरताही दोन्ही बाजू पाहता येतील. व्हर्नलहून वर चढतानाही थरांचे आणि त्यांतल्या जीवाश्मांचे फलक लागतात. ते वाचण्याचे काम थोरल्याकडे सोपवा.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. पहिल्या दिवशी धरण आणि रेड कॅनियन, दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र असल्यास मनिलाकडून शीप क्रीक, असे ठरवले आहे. माशांविषयी मुलांना आत्ताच सांगितले. खडकांविषयी तूर्त गप्प आहे.